चव नोंदवही

शाळेच्या कपाटात एक वही आहे, हिरव्या पुठ्ठ्याची.
तारीख. पट. हजर किती. मेनू.
शेवटच्या रकान्यात चव.
पोरांच्या आधी मी खायचं, मग गभणे मास्तरनं,
अन् दोघांनी सही करायची.
बारा वर्षं झाली सही करून राहिली:
पंचफुला नेवारे. चव उत्तम.

पोळ्यानंतर ताप आला.
तीन दिवस हाडं जात्यात घातल्यासारखी, नाक गच्च, खोकला,
मग पाहुणा गेला आपल्या वाटेनं.
जाता जाता घरातलं काय नेलं
ते चौथ्या दिवशी समजलं.
जवसाची चटणी तोंडात टाकली
तर भुसा.

म्हटलं, चटणी जुनी असन.
अंबाडीची भाजी केली. ओली चिंधी.
लसूण ठेचून नाकाशी धरला, रॉकेलचं झाकण उघडलं,
गोठ्यात उभी राहिली डोळे मिटून.
गोठा होता का नव्हता, कोण सांगन.

एक मिरची तेवढी.
भिवापूरची, लालभडक, जिभेवर ठेवली
तर आग लागली, डोळ्यांतून पाणी आलं,
पण मिरची नाही लागली.
आग वेगळी अन् मिरची वेगळी
हे मले पन्नाशीत कळलं.

उपकेंद्रातली सिस्टर म्हणाली,
विषाणूनं नाकातली वासाची मुळी कुरतडली.
जीभ बिचारी गरीब आहे, बाई,
खारट, गोड, आंबट, कडू, एवढ्यावर तिचा संसार,
बाकी सारं नाकच पुरवते.
तुमची तर जीभही बधिर झाली.
गोळी नाही. सकाळ-संध्याकाळ लवंग हुंगा,
लिंबाची साल, निलगिरी.
"किती दिवस?"
ती रजिस्टरात पाहूनच बोलली, "येईल."

घरी सांगितलं तर हे म्हणाले,
भूक लागते नं? मग झालं.

शाळेत नाही सांगितलं.
चव न लागणारी आचारीण कोण ठेवन?
हळद डोळ्यांनी टाकली, फोडणी कानांनी:
मोहरीची तडतड थांबली की कांदा,
कांद्याचा आवाज बसला की तांदूळ.
मीठ हाताच्या भरवशावर.
चव उत्तम. चव उत्तम.
एकवीस दिवस.

बाविसाव्या दिवशी सिलिंडरवाला मध्येच आला
अन् मूठ दोनदा पडली.
मी खाल्लं. गरम लागलं. सही.
मास्तरनं खाल्लं, मान हलवली. सही.
ओळीत बसलेली पोरं गप.
चौथीतली डिंपल कोडापे उठली,
हातपंपावर पोट फुटेस्तोवर पाणी पिऊन आली
अन् म्हणाली, "काकू, खारट जहर!"

मी मास्तरकडे पाहिलं.
मास्तरनं वहीकडे.
मग खडूसारखा पांढरा पडून हळूच बोलला,
"पंचफुलाबाई, मलाही नाही लागत. महिना झाला."

वहीत आमच्या सह्या
एकीखाली एक, एकीखाली एक.
हसू नंतर आलं. आधी खिचडी
गावातल्या म्हशींनी खाल्ली, तीही अर्धीच.

आता पहिला चमचा डिंपलले.
नियमात बसत नाही, म्हणून मास्तर पाठ फिरवते.
शेऱ्याच्या रकान्यात ती पेन्सिलनं लिहिते:
मिट कमी. हळद लय.
एकदा नुसतंच, बरं हाय.

मी लवंग हुंगून राहिली. सकाळी, संध्याकाळी.
लवंगीची नुसती काडी झाली आहे.

काल कांदा तेलात पडला अन् वास आला.
वास! दीड महिन्यानं!
पण जळक्या टायरचा.
घाईनं पातेलं उतरवलं, पदरानंच, हात भाजला.
"डिंपल, पाहा बरं, काय जळून राहिलं?"
ती वाकली, लांब श्वास घेतला.
"कांदाच आहे, काकू."
"टायर नाही?"
"कांदा."

मी पातेलं परत चढवलं.